आस

आमच्या दांडीवर जाळ्याच्या एकेका डोळ्याला आस म्हणतात.
सुरमईची आस मोठी, पेडव्याची बारीक.
फाटली की मी पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून
तुणत बसतो. माझं तेच काम.
कोणी विचारलं नसतं तर
याहून जास्त मी काही बोललोही नसतो.

कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.
कागदावर चौकोन काढला: हे तुम्ही.
शेजारी गोल: ह्या प्रणाली.
पुरुष चौकोनी, बायका गोल,
पाच मिनिटांत अख्खं घराणं टेबलावर.
"घरात आणखी कुणाला मूल नाही, असं?"
मी म्हटलं, नाही.
मग म्हटलं, आहे. बाबलकाका.
म्हणजे, मथुकाकीला होत नव्हतं असं घरात म्हणत.
एका सकाळी तिला निवतीला पोचवून आले,
सोबत पत्र्याची पेटी आणि तिची आडाळी.
बाईंनी काकाचा चौकोन काढला,
खाली एक आडवी रेघ दिली.
काकीचा गोल काढला नाही.
"त्या रक्ताच्या नात्यातल्या नव्हेत ना,
सध्या लागत नाही."

नऊ वर्षं.
कुडाळची सोनोग्राफी, दुर्बिणीचं ऑपरेशन,
रवळनाथाला गाऱ्हाणं, तेही प्रणालीच्याच नावानं.
माझी तपासणी एकच, गेल्या वैशाखात,
प्लास्टिकच्या डबीत.
रकान्यात शून्य.
मी पोरासारखं विचारलं, शून्य म्हणजे किती?

रक्त पुण्याला गेलं. तीन आठवडे.
बंदीचे दिवस, होड्या वर ओढलेल्या,
आणि आई पुन्हापुन्हा तेच:
"रगतात काय बघतत ते? तू दर्यार वाढलंस."

निकाल आला.
गुणसूत्रं सेहेचाळीस. नग पुरे भरले.
फक्त वाय नावाचं ते लहानगं,
त्याच्यावरचा एझेडएफ-सी म्हणतात तो तुकडा नाही.
कुजलेला नाही, झिजलेला नाही.
नाहीच.
मी जाळ्याचा माणूस, विचारलं, शिवता येतो?
डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.
तेव्हापासून मला त्या आवडतात.

"काकांशी संबंध असेलच असं नाही.
बहुतेकदा हे नव्यानंच होतं, तुमच्यापासून सुरू."
काका जाऊन एकवीस वर्षं झाली.
त्याचं काय होतं, ते आता कोणाला कळायचं नाही.
"अंडकोषात सुईनं शोधू. चार-दोन शुक्राणू मिळाले तरी पुरतात.
एक मात्र सांगते, मुलगा झाला
तर हा तुकडा त्यालाही नसणार.
मुलगी झाली तर हा प्रश्नच नाही."

एक आस तुटली म्हणून सगळेच मासे जात नाहीत,
हे मला ठाऊक आहे. पण पोराला
वारशात भोक द्यायचं?

फोंडा घाट उतरताना प्रणाली म्हणाली,
"सगळो गाव झील मागता. आपण चेडू मागूया."
आणि माझ्या खांद्यावर झोपली,
तोंड उघडं टाकून, कणकवलीपर्यंत.

पुढच्या बुधवारी मी निवतीला गेलो.
काकी मागीलदारी आडाळीवर बांगडे कापत होती.
"कोणाचो रे तू?"
सांगितलं. पातं थोडा वेळ थांबलं.
"पोरां किती तुका?"
"नाय. दोष माझ्यात आसा, काकी. रगतात. ह्यो बघ कागद."
तोंडानं हे मी पहिल्यांदाच म्हणत होतो,
आणि तेही हिच्यासमोर.
हात मासळीचे, तिने कागद घेतला नाही.
लांबूनच बघत राहिली.
"ह्यो त्येचो आसा?"
"माझो."
"आणि त्येचो?"
"त्येचो कोणी काढूकच नाय."

तिने पुढचा बांगडा उचलला,
डोकं वेगळं केलं.
"तिकला करतंय," म्हणाली, "जेवन जा."